पहिली स्किन घेताना: काउंटर-स्ट्राइक 2 मधल्या बंदुकीच्या सजावटीची सुरुवात

दहावी-बारावीचे निकाल लागले की फोंडा, म्हापसा, डिचोली, साखळी अशा गावांतली नवी पोरं दरवर्षी काउंटर-स्ट्राइक या बंदुकांच्या ऑनलाइन खेळाकडे वळतात. घरात नवा संगणक आलेला असतो, खेळ फुकट उतरवता येतो आणि पहिल्या काही दिवसांतच कोणाच्या तरी हातात लाल रेघांची काळी एके-47 दिसते. मग विचारणा सुरू होते: ही कुठे मिळते, कितीला पडते, तिने नेम सुधारतो का? त्या पोरांसाठी हा लेख आहे. ज्यांच्या खात्यातून पैसे जाणार आहेत त्या आईवडिलांनीही तो वाचावा अशी माझी विनंती आहे.

नेमाचं आधी सांगतो. स्किनमुळे गोळी जास्त लागत नाही, बंदूक कमी उडत नाही, नेम सुधारत नाही. स्किन म्हणजे बंदुकीवरचं रंगकाम, बस्स. मग उपयोग काय, असं घरातलं मोठं माणूस विचारेलच. चवथीला गणपतीच्या डोक्यावर फळाफुलांची माटोळी बांधतो ती तरी कुठे उपयोगासाठी? ज्या वस्तूकडे आपण रोज तासभर बघणार ती देखणी असावी ही हौस खरी असते आणि तिची लाज वाटण्याचं कारण नाही. फक्त हौस पुरवताना डोळे उघडे हवेत.

या खेळात स्किन आल्या 13 ऑगस्ट 2013 रोजी, 'आर्म्स डील' नावाच्या अपडेटमधून. तेव्हा खेळाचं नाव होतं काउंटर-स्ट्राइक: ग्लोबल ऑफेन्सिव्ह. 27 सप्टेंबर 2023 ला त्याची जागा काउंटर-स्ट्राइक 2 ने घेतली आणि लोकांच्या जुन्या स्किन जशाच्या तशा नव्या खेळात आल्या. खेळ व्हॉल्व्ह कंपनीचा, दुकान स्टीम. कायद्याच्या भाषेत स्किन आपल्या मालकीची होत नाही, वापरण्याचा परवाना तेवढा मिळतो. पैसे मोजण्याआधी एवढं माहीत असू द्या.

खातं आजच तयार करा, खरेदी नंतर

घाई करून काही मिळत नाही, कारण स्टीम नव्या खात्याला थांबवून ठेवतं. म्हणून वाट बघायचे दिवस आधीच सुरू करून द्यायचे.

खेळ उतरवला त्याच दिवशी फोनवर स्टीमचं ॲप घ्या आणि त्यात स्टीम गार्ड, म्हणजे खात्यावरचा जादा पहारा, चालू करा. बाजारात, म्हणजे कम्युनिटी मार्केटवर, व्यवहार करायला स्टीम गार्ड 15 दिवस चालू असावं लागतं. खात्यावरून स्टीमवर एखादी खरेदीही झालेली असावी लागते. ती किमान सात दिवस जुनी हवी आणि वर्षभराच्या आतली हवी. नवं खातं 5 डॉलरएवढा खर्च होईपर्यंत 'मर्यादित' राहतं आणि तोवर मार्केट बंद असतं. यातली कोणतीही अट दुसरीची जागा घेत नाही, सगळ्या पुऱ्या कराव्या लागतात.

पहिली खरेदी कोणती, याचं माझं उत्तर ठरलेलं आहे: प्राइम, म्हणजे खेळातलं पैसे देऊन मिळणारं वरचं सदस्यत्व. प्राइम घेतलं की तुमची गाठ जास्त करून प्राइमवाल्यांशीच पडते, त्यामुळे फसवेगिरी करणारे कमी भेटतात. शिवाय आठवड्यात पहिल्यांदा लेव्हल वाढली की चार वस्तू समोर येतात, त्यांतल्या दोन निवडायच्या. त्यात बहुतेक वेळा साधी स्किन किंवा केस (चावीने उघडायची बंद पेटी) निघते, पण ती पैसे न घालता हातात येते. प्राइम नसलेल्याला हे मिळत नाही.

पैसे स्टीम वॉलेटमध्ये रुपयांत भरता येतात. कार्ड किंवा यूपीआय आईबाबांचं असेल तर त्यांनी स्वतः भरावं आणि रक्कम आधी ठरवून भरावी. कार्ड स्टीमवर साठवून ठेवू नका. वॉलेटमध्ये आहे तेवढंच खर्च होऊ शकतं, ही घरातली सर्वांत सोपी मर्यादा.

गेमिंग कॅफेत खेळत असाल तर निघताना लॉग आउट करा. विसरला असाल तर फोनच्या ॲपमधल्या स्टीम गार्डमध्ये जाऊन बाकी सगळी उपकरणं काढून टाका. दोन मिनिटांचं काम आहे.

फ्लोट: सगळ्यात आधी हे शिका

एकाच नावाच्या दोन स्किन सारख्या नसतात. प्रत्येकीला जन्माच्या वेळीच 0 ते 1 मधला एक लांबलचक दशांश आकडा मिळतो. त्याला सगळे फ्लोट म्हणतात. आकडा शून्याजवळ असेल तर रंग कोरा, एकाजवळ गेला की खरवडलेला. हा आकडा पुढे कधी बदलत नाही. तुम्ही दहा हजार सामने खेळा, बंदूक आणखी झिजत नाही. नव्या मुलांना हे खरं वाटत नाही, पण ते तसंच आहे.

त्या आकड्यावरून पाच नावं पडतात. 0.07 पर्यंत फॅक्टरी न्यू, तिथून 0.15 पर्यंत मिनिमल वेअर, 0.38 पर्यंत फील्ड-टेस्टेड, 0.45 पर्यंत वेल-वॉर्न आणि त्यापुढचं सगळं बॅटल-स्कार्ड. बोलताना एफएन, एमडब्ल्यू, एफटी, डब्ल्यूडब्ल्यू, बीएस एवढंच म्हणतात.

आता फील्ड-टेस्टेडचा पल्ला बघा. 0.15 ते 0.38. 0.16 ची बंदूक आणि 0.37 ची बंदूक यांना मार्केटवर नाव एकच, यादीतलं छोटं चित्रही एकच, आणि पुष्कळदा किंमतही जवळपास तीच. हातात घेतल्यावर मात्र पहिली जवळजवळ कोरी दिसते आणि दुसरीच्या कडांचा रंग उडालेला असतो. नवखा माणूस यादीतली सगळ्यात स्वस्त ओळ दाबतो आणि 0.37 घरी आणतो. थोडं खाली सरकून, चार-पाच बंदुका उघडून बघितल्या असत्या तर तेवढ्याच पैशांत, किंवा किंचित जास्त देऊन, कितीतरी चांगली मिळाली असती.

प्रत्येक स्किनला पूर्ण 0 ते 1 चा पल्ला मिळतोच असं नाही. लाल रेघांची काळी एके म्हणजे रेडलाइन. 2014 च्या सुरुवातीला आलेल्या ऑपरेशन फिनिक्स केसमधली ही स्किन 0.10 पासून सुरू होते आणि 0.70 ला संपते. म्हणजे फॅक्टरी न्यू रेडलाइन अस्तित्वातच नाही. मिनिमल वेअरला 0.10 ते 0.15 एवढीच चिंचोळी जागा उरते, म्हणून ती महाग. सामान्य माणसाची रेडलाइन ही फील्ड-टेस्टेडच असते. त्याच केसमधली पांढरी-नारिंगी एडब्ल्यूपी (दुर्बिणीची लांब बंदूक) असिमोव्ह 0.18 पासून सुरू होते, तिच्यात एफएनही नाही आणि एमडब्ल्यूही नाही. कोणी चॅटवर 'एफएन असिमोव्ह एडब्ल्यूपी देतो' म्हणाला की तिथेच बोलणं थांबवा.

असिमोव्हची आणखी एक गंमत मला फार आवडते. तिची फ्लोट एकाच्या अगदी जवळ गेली की दुर्बिणीवरचा रंग झिजून झिजून पूर्ण काळा होतो. अशा बंदुकीला लोक 'ब्लॅकिमोव्ह' म्हणतात आणि इतर बॅटल-स्कार्डपेक्षा जास्त पैसे देऊन घेतात. झीज म्हणजे नेहमी वाईटच, असं धरून चालू नका. काही रंग जुने झाल्यावरच खुलतात.

फ्लोटच्या जोडीला पॅटर्नचा क्रमांक असतो. बहुतेक स्किनना त्याने फरक पडत नाही. केस हार्डन्ड नावाच्या स्किनला मात्र सगळं त्याच्यावर आहे. तापवलेल्या पोलादावर येतात तसे निळे, जांभळे, पिवळे डाग बंदुकीवर कुठे पडणार हे तो क्रमांक ठरवतो. खेळताना दिसणाऱ्या बाजूवर निळा रंग भरून आला तर तिला ब्लू जेम म्हणतात. एके-47 च्या 661 क्रमांकाच्या पॅटर्नचं नाव जगभरचे संग्राहक घेतात. नवख्याने या वाटेला जाऊ नये. फरक ओळखायला डोळा तयार व्हावा लागतो, आणि तो तयार नाही हे विकणाऱ्याला लगेच कळतं.

रंगांची उतरंड

नावाखालची पट्टी दुर्मिळता सांगते: पांढरी, फिकट निळी, निळी, जांभळी, गुलाबी, लाल आणि सगळ्यात वर सोनेरी, म्हणजे चाकू आणि हातमोजे. पट्टी वरची म्हणजे स्किन सुंदर, हे समीकरण मला मान्य नाही. एके-47 स्लेट जांभळ्या पट्टीची आहे. काळी, साधी, कमालीची नेटकी. लाल पट्टीच्या कित्येक भडक बंदुकांपेक्षा मी तीच आधी सुचवतो. तिच्यात फ्लोटचा पूर्ण पल्ला आहे, त्यामुळे झीज कशी दिसते ते शिकायलाही ती चांगली. खिसा थोडा मोठा असेल तर रेडलाइन.

स्टॅटट्रॅक म्हणजे बंदुकीवर चिकटवलेली मोजणी, तुमचे किल, म्हणजे त्या बंदुकीने मारलेले शत्रू, मोजणारा छोटा पडदा. तो फक्त मालकाचे मोजतो. दुसऱ्याची बंदूक उचललीत तर आकडा हलत नाही. विकली किंवा ट्रेड केली (दुसऱ्या खेळाडूला अदलाबदलीत दिली) की मोजणी पुन्हा शून्यावर येते. म्हणून दुसऱ्याच्या मोठ्या आकड्यासाठी पैसे देऊ नका. स्टिकरचंही तसंच. बंदुकीवर एकदा लावलेला स्टिकर खरवडून नष्ट करता येतो, सोडवून परत घेता येत नाही. 2014 च्या कॅटोविस स्पर्धेचे काही स्टिकर प्रचंड महाग आहेत हे खरं, पण साध्या स्टिकरमुळे विक्रेता वाढवून मागत असेल तर पुढची ओळ बघा.

विकत घेताना

स्टीमवर कम्युनिटी मार्केट उघडा, खेळ निवडा, स्किनचं नाव टाका, मग झिजेचा प्रकार निवडा. समोर विक्रेत्यांची रांग येईल. 'इन्स्पेक्ट इन गेम' दाबलंत की खेळ उघडून नेमकी तीच बंदूक पडद्यावर फिरवून दाखवतो. माहितीच्या खुणेवर माउस नेला की वेअर रेटिंग आणि पॅटर्न टेम्प्लेट दिसतात. वेअर रेटिंग म्हणजेच फ्लोट. वहीत किंवा फोनवर चार बंदुकांचे आकडे आणि किमती लिहून काढा, मगच ठरवा. बंदूक आडवी दाखवतात तेव्हा सगळी दिसते, पण खेळताना एकच बाजू आणि वरचा भाग डोळ्यांसमोर असतो. ओरखडे कुठे आहेत ते त्या हिशेबाने बघा. मागच्या बाजूला मोठा चरा असेल आणि पुढची बाजू स्वच्छ असेल तर ती बंदूक माझ्या दृष्टीने चांगला सौदा आहे.

तिथेच खाली किमतीचा आलेख असतो. गेल्या महिन्याभरात भाव कुठे होता ते नजरेखालून घाला. अचानक उसळलेला असेल तर आठवडाभर थांबायला काही हरकत नाही.

आता पैशांचा हिशेब. खरेदीदार देतो त्यात विक्रेत्याला मिळणाऱ्या रकमेवर 15 टक्के चढवलेले असतात: 5 टक्के स्टीमचे, 10 टक्के खेळाचे. तुम्ही 1150 रुपयांना घेतलेली बंदूक उद्या त्याच भावाला विकली तर हातात 1000 येतात. आणि हातात म्हणजे स्टीम वॉलेटमध्ये; ते पैसे बँकेत परत जात नाहीत. 'स्किन घेऊन ठेवतो, भाव वाढला की विकतो' असं सांगणाऱ्या मुलांना मी हाच हिशेब मांडून दाखवतो. भाव कसा बदलतो त्याचं ताजं उदाहरण ऑक्टोबर 2025 चं आहे. व्हॉल्व्हने एका अपडेटने पाच लाल स्किन देऊन चाकू किंवा हातमोजे घेण्याची सोय केली, आणि बघता बघता चाकूंचे भाव कोसळले, लाल स्किनचे चढले. लोकांची मोठी रक्कम त्यात अडकली होती. कंपनीच्या एका निर्णयावर ज्याचा भाव ठरतो तिथे घरखर्चाचे किंवा फीचे पैसे घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

मार्केटवरून घेतलेली वस्तू सात दिवस पुढे देता-विकता येत नाही. वापरता मात्र लगेच येते.

केस उघडू नका

हे मी सगळ्यांना हात जोडून सांगतो. केस फुकट किंवा स्वस्तात मिळते, ती उघडायला चावी लागते, चावी सुमारे अडीच डॉलरची. काय निघण्याची शक्यता किती, ते आकडे 2017 मध्ये चीनमध्ये जाहीर झाले: निळी 79.92 टक्के, जांभळी 15.98, गुलाबी 3.2, लाल 0.64 आणि सोनेरी 0.26 टक्के. सोनेरीचं प्रमाण साधारण 385 केसमागे एक. तेवढ्या चाव्यांना साडेनऊशे डॉलरच्या वर लागतात, आणि 385 उघडूनही ती निघेलच याची हमी नाही. पाचांतल्या चार वेळा निळी निघते, आणि त्यातल्या बहुतेक चावीच्या निम्म्या किमतीच्याही नसतात.

केस उघडताना पडद्यावर फिरणारी चित्रांची पट्टी सोनेरी चौकोनाच्या अगदी जवळ येऊन थांबते तेव्हा 'थोडक्यात हुकलं' असं वाटतं. निकाल मात्र पट्टी फिरण्याआधीच ठरलेला असतो. मांडवीतल्या कॅसिनोत 21 वर्षांखालच्यांना प्रवेश नाही, आणि 2020 पासून गोमंतकीयांना तिथे जुगार खेळायला बंदी आहे. शाळकरी पोराच्या खोलीतल्या संगणकावर असा पहारा कोणी बसवत नाही. बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये 2018 मध्ये तिथल्या नियामकांनी हरकत घेतल्यावर व्हॉल्व्हला केस उघडणं बंद करावं लागलं. आपल्याकडे ती राखण घरातल्यांनीच करायची आहे.

आठवड्याला मिळालेली केस विकून टाका. जमलेले पैसे हवी ती स्किन थेट घ्यायला वापरा. जी स्किन केसमधून निघावी म्हणून लोक चाव्यांवर चाव्या घेत बसतात, ती मार्केटवर ठरलेल्या भावाने समोर पडलेली असते. स्किन लावून पैज खेळायला सांगणाऱ्या साइटींकडे तर फिरकूच नका. ऑगस्ट 2025 मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांविरुद्ध केंद्राने कायदाही केला आहे.

ट्रेड-अप म्हणजे एकाच पट्टीच्या दहा स्किन (लाल असतील तर पाच) देऊन वरच्या पट्टीची एक घेणं. त्यात थोडं गणित चालतं, म्हणून केसपेक्षा बरं, पण पहिल्या वर्षात त्याची गरज नाही.

बंदूक हातात

विकत घेतलेली स्किन आपोआप लागत नाही. इन्व्हेंटरीत, म्हणजे तुमच्या वस्तूंच्या यादीत, तिच्यावर क्लिक करा आणि इक्विप करा. एके-47 फक्त टेररिस्ट बाजूला असते, एम4 फक्त काउंटर-टेररिस्टला, एडब्ल्यूपी दोन्हीकडे. एडब्ल्यूपीची स्किन दोन्ही बाजूंना लावायला विसरू नका. अर्ध्या सामन्यानंतर बाजू बदलली की 'माझी स्किन गेली' म्हणून घाबरलेली पुष्कळ मुलं असतात. लोडआउटमध्ये (सामन्यासाठी आधी निवडून ठेवायच्या बंदुकांच्या यादीत) ती बंदूकच निवडलेली नसेल तर सामन्यात विकत घेता येणार नाही, तेही तपासा.

मित्राकडे पैसे नसले की त्याच्यासाठी बंदूक विकत घेऊन टाकतात. ती उचलल्यावर त्याच्या हातात तुमचीच स्किन असते. एफ दाबून तो ती फिरवून बघतो, ते बघायला मला आजही छान वाटतं.

ठगांपासून

तुमच्याकडे पहिली बरी स्किन आली की अनोळखी विनंत्या येऊ लागतात. पद्धती ठरलेल्या आहेत. कोणी म्हणतो, आमच्या टीमला मत दे, आणि दुवा पाठवतो. तिथे स्टीमसारखंच दिसणारं खोटं लॉगिन असतं. कोणी म्हणतो, चुकून तुझी तक्रार केली, आता या 'स्टीमच्या माणसाशी' बोल. व्हॉल्व्हचा कर्मचारी चॅटवर येऊन तुमच्या वस्तू मागत नाही. कधीच नाही. पत्त्याच्या पट्टीत स्टीमकम्युनिटी डॉट कॉम हे अक्षरन् अक्षर तपासा, एखादं अक्षर इकडचं तिकडे केलेलं असतं.

गावातल्या ओळखीत चालणारा प्रकार वेगळा: 'तू आधी स्किन पाठव, मी लगेच यूपीआय करतो.' मित्राचा मित्र असला तरी नको. विकायचंच असेल तर मार्केटवर विका.

ट्रेड मंजूर करताना फोनवर समोरच्याचं नाव, खात्याची तारीख आणि वस्तूंची यादी, तिन्ही वाचा. जुलै 2025 पासून ट्रेडने गेलेल्या वस्तूंना सात दिवसांचं संरक्षण आहे. त्या मुदतीत ट्रेड उलटवता येतात. मात्र उलटवले तर गेल्या सात दिवसांतले सगळे संरक्षित ट्रेड एकदम उलटतात, आणि तुमच्या खात्याला ट्रेड व मार्केट 30 दिवस बंद होतं.

खातं गेल्याची शंका आली तर क्रम असा ठेवा. आधी पासवर्ड बदला. मग स्टीम गार्डमधून बाकी उपकरणं काढा. मग स्टीमवरचं वेब एपीआय कीचं (बाहेरच्या प्रोग्रामला तुमच्या खात्यापर्यंत पोचू देणाऱ्या किल्लीचं) पान उघडा. तुम्ही स्वतः कधी की घेतली नसेल आणि तिथे एखादी नोंदलेली दिसली तर ती लगेच रद्द करा, कारण तिच्या आधाराने ठग तुमचा खरा ट्रेड रद्द करून तसाच दिसणारा स्वतःचा पाठवतात. त्यानंतर ट्रेड उलटवा आणि स्टीम सपोर्टकडे तक्रार नोंदवा. बँकेतून किंवा यूपीआयने पैसे गेले असतील तर त्याच तासात 1930 वर फोन करा. चॅटचे स्क्रीनशॉट, व्यवहाराचा क्रमांक आणि समोरच्याच्या स्टीम प्रोफाइलचा पत्ता जपून ठेवा आणि ते घेऊन रायबंदरच्या सायबर पोलीस ठाण्यात जा. मूल अल्पवयीन असेल तर सोबत आई किंवा वडील हवेत.